डोंगरी नाल्याचे तापमान आणि मासे: लॉगर कुठे लावायचे, काय मोजायचे?

रामटेक_पट्टा
नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारकडच्या डोंगरातून उतरणारा एक नाला आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, गावाच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात. मागे खोलीकरणात यंत्राने तळ सपाट झाला आणि काठची झाडेही गेली. आता ग्रामसभेने साधारण आठशे मीटरच्या पट्ट्यात मोठे गोटे परत टाकले, चार ठिकाणी दगडांचे ठेंगणे अडसर रचून डोह केले आणि दोन्ही काठांवर रोपे लावली. पाणी दिवाळीपर्यंत खळाळते, होळीनंतर धार तुटते आणि फक्त डोह उरतात.

आता पाण्याचे तापमान आणि मासे यांची नोंद सुरू करायची आहे. लॉगर (ठरावीक वेळाने तापमान आपोआप नोंदवणारे उपकरण) किती आणि कुठे लावायचे? घरी जुळवलेले सेन्सर चालतील का? मासे मोजायचे कसे? आणि काही जण म्हणतात मत्स्यबीज आणून सोडा, त्याबद्दल तुमचे मत काय?

डोहकाठ
भाऊ, तुमच्या एका वाक्यातच अर्धे उत्तर आहे: धार तुटते आणि डोह उरतात. ओढ्याच्या तापमानावरची बहुतेक मार्गदर्शके थंड देशांतल्या बारमाही ओढ्यांसाठी आणि थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठी लिहिलेली आहेत. त्यात २० अंशांच्या आसपासची मर्यादा धरलेली असते. आपल्याकडे ती फेब्रुवारीच्या दुपारीच ओलांडली जाते, म्हणून ती मर्यादा इथे लावू नका. वाहत्या पाण्याची वर्षभराची सरासरी काढूनही हाती काही लागत नाही. मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत कोणत्या डोहात मासा तग धरतो आणि का, हाच आपला प्रश्न. सगळी उपकरणे त्या प्रश्नाभोवती लावा.

आठ लॉगर पुरतात. एक पट्ट्याच्या वरच्या टोकाला वाहत्या धारेत, एक खालच्या टोकाला. दोन डोह निवडा, एक सावलीतला आणि एक उघडा, आणि प्रत्येकात दोन-दोन लावा, एक तळाजवळ आणि एक पृष्ठभागाजवळ. सातवा हवेत, झाडाच्या दाट सावलीत जमिनीपासून दीड-दोन मीटरवर. आठवा शेजारच्या, काहीच काम न झालेल्या नाल्याच्या डोहात. हा आठवा कधीही वगळू नका. एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला की सगळेच नाले थंड राहतात, आणि शेजारचा नाला मोजला नसेल तर ते श्रेय आपल्या गोट्यांना दिले जाते.

नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेचे आकडे हवेसाठी वापरू नका. अंतर पुष्कळ आहे आणि दरीतली हवा वेगळी असते.

नोंद दर ३० मिनिटांनी. म्हणजे दिवसाला ४८, वर्षाला १७,५२०. दुपारचा उच्चांक सापडायला एवढे पुरते. तासाला एक ठेवली तर उथळ डोहातला उच्चांक निसटतो.

सर्किट_बर्डी
घरी जुळवलेले चालतात, पण काही अटींवर. डीएस१८बी२० सेन्सरची अचूकता कागदावर ±०.५ अंश आहे. होबो टिडबिटसारख्या तयार लॉगरची ±०.२. तपासणी करून प्रत्येक सेन्सरची दुरुस्ती लिहून ठेवली तर स्वस्त सेन्सरही या कामाला पुरेसा होतो. नागपूरच्या बर्डी बाजारात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या ‘वॉटरप्रूफ’ प्रोबमध्ये नकली चिप पुष्कळ असतात, म्हणून गरजेपेक्षा जास्त घ्या आणि तपासणीत नापास होतील ते बाजूला काढा.

जुळवणी: ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), डीएस३२३१ घड्याळ, मायक्रो एसडी कार्ड, डेटा वायर आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. बोर्डावरचा पॉवरचा एलईडी काढा, नाहीतर बॅटरी तोच खातो. घड्याळाच्या त्या निळ्या स्वस्त मॉड्यूलमध्ये चार्जिंगचा मार्ग असतो, त्यावरचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाका. त्यात आपण सीआर२०३२ हा बटण सेल घालतो, आणि तो सेल चार्ज करायचा नसतो. तो फुगतो, मग घड्याळ थांबते आणि सगळ्या नोंदींची वेळ जाते.

प्रोब गळतो तो नेहमी एकाच जागी, वायर स्टीलच्या नळीत शिरते तिथे. आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा, वरून इपॉक्सी. वायर ३ मीटर ठेवा आणि डबी काठच्या झाडावर पूररेषेच्या वर बांधा, आत सिलिका जेल टाका.

नोंदीत ८५.०० दिसले तर पाणी तापलेले नाही. चिपला १२ बिटचे मोजमाप पूर्ण करायला ७५० मिलिसेकंद लागतात. त्याआधी वाचले किंवा मध्येच वीज तुटली की ८५ येते. -१२७ म्हणजे वायर तुटली. हे दोन्ही आकडे गाळूनच सरासरी काढा.

तोतलाडोह_ताई
तपासणी कशी करायची तेही लिहा ना भाऊ. तिथेच लोक अडतात.

सर्किट_बर्डी
हो ताई. बर्फ बारीक कुटा, डिस्टिल्ड पाण्यात घालून घट्टसर लगदा करा, थर्मासच्या डब्यात भरा. सगळे सेन्सर एकाच वेळी मध्यभागी बुडवा, डब्याला टेकू देऊ नका. अर्ध्या तासाने आकडा स्थिर होतो आणि तो ०.० यायला पाहिजे. खाली नुसते पाणी साचले की तिथे तापमान चढते, म्हणून ढवळत राहा आणि जास्तीचे पाणी काढत राहा.

पण नुसत्या शून्यावर समाधान मानू नका, आपले काम २५ ते ३५ अंशांच्या पट्ट्यात आहे. २० लिटरच्या झाकणवाल्या थंड डब्यात ३० अंशांच्या आसपासचे पाणी घ्या, सगळे सेन्सर एका जुडग्यात बांधून सोडा, एक प्रमाणित थर्मामीटर सोबत ठेवा, तासभर दर पाच मिनिटांनी ढवळून वाचा. थर्मामीटरपासून जो फरक सतत राहतो ती त्या सेन्सरची दुरुस्ती. ज्याचा फरक दर वाचनाला बदलतो तो सेन्सर टाकून द्या. हंगाम संपल्यावर लॉगर काढले की हीच तपासणी पुन्हा करा.

डोहकाठ
आता बसवण्याबद्दल. सगळ्यात मोठी चूक उन्हाची. स्वच्छ, उथळ पाण्यातून ऊन थेट लॉगरवर पडले तर तो पाण्याचे नाही, स्वतःच्या तापलेल्या अंगाचे तापमान लिहितो. दोन इंची पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा १५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, चहूबाजूंनी १२ मिलिमीटरची भोके पाडा, एक टोपी चिकटवा आणि दुसरी आट्याची ठेवा. लॉगर आत असा टांगा की पाइपच्या भिंतीला टेकणार नाही. भोके कमी पाडली तर आत पाणी साचून राहते, आणि गाळाने बुजली तरी तेच होते. म्हणून महिन्यातून एकदा ब्रश फिरवा.

धारेतला लॉगर गोट्याच्या खालच्या अंगाला, पाणी नीट मिसळते तिथे लावा. दुसरा ओहोळ येऊन मिळतो त्याच्या लगेच खाली नको. नायलॉनची पट्टी उन्हाने ठिसूळ होते, त्यामुळे ३ मिलिमीटरची स्टीलची दोरी आणि क्लॅम्प वापरा. तळाला रेती-गोटे असतील तर १२ मिलिमीटरची सळई ६० सेंटिमीटर ठोका. देवलापारकडे नीस आणि संगमरवराचा उघडा खडक लागतो, तिथे सळई जात नाही. मोठ्या झाडाच्या मुळाला बांधा किंवा ड्रिल करून अँकर बोल्ट घाला.

डोहातला वरचा लॉगर सळईला घट्ट बांधू नका. एप्रिलमध्ये पाणी उतरते, लॉगर उघडा पडतो आणि पुढचे दोन महिने हवेचे तापमान लिहीत बसतो. रिकाम्या बंद बाटलीच्या तरंगाखाली १५ सेंटिमीटरवर टांगा, म्हणजे पातळीबरोबर तोही उतरेल. खालचा मात्र तळापासून १० सेंटिमीटर वर पक्का बांधा, गाळात रुतला तर दिवसरात्रीचा फरकच दिसत नाही.

गुरे आणि म्हशी जिथून डोहात उतरतात ती जागा सोडा. पाइपवर गावाच्या भाषेत ‘ग्रामसभेचे पाणीमोजणी यंत्र’ असे लिहा. मासे धरायला येणाऱ्यांना आधी सांगून ठेवले तर तेच राखण करतात.

मळ्या_आणि_मंडळी
माशांबद्दल मी लिहिते. आधी ठरवा की कोणता मासा काय सांगतो. डोक आणि मरळ तोंड वर काढून हवेतला प्राणवायू घेतात. पाणी कोमट झाले, काळे पडले, तरी ते टिकतात. त्यामुळे जूनच्या सुरुवातीला डोहात भरपूर डोक दिसले म्हणून नाला सुधारला असे लिहू नका. नजर ठेवायची ती गारा प्रजातीतल्या मळ्यावर आणि दगडाखाली राहणाऱ्या शिस्टुरा या लोच माशांवर. मळ्या दगडावरचे शेवाळ खरवडून खातो, शिस्टुरा गोट्यांमधल्या फटीत राहतो. दोघांनाही स्वच्छ दगड आणि विरघळलेला प्राणवायू लागतो. मे महिन्यात हे दोघे डोहात सापडले तर काम लागू पडले.

मोजणीला फेकजाळे एकटे पुरत नाही. ते मधल्या थरातले डेव्हारिओ, पंटियस असे छोटे मासे पकडते आणि तळचे मासे गोट्यांत दबून राहतात. माझ्या मते पाण्याखालचा छोटा कॅमेरा सर्वांत चांगला. दगडाला बांधून तळाशी ठेवा, २० मिनिटे चालू द्या, पहिली ५ मिनिटे सोडून द्या कारण तेवढा वेळ मासे बिचकलेले असतात. मग प्रत्येक जातीची, एकाच फ्रेममध्ये एकाच वेळी दिसलेली जास्तीत जास्त संख्या लिहा. वेगवेगळ्या फ्रेममधली बेरीज करायची नाही, तोच मासा पुन्हापुन्हा मोजला जातो. हे सकाळी करा, ऊन तिरपे असताना पाण्यावर चमक येत नाही.

जाळे किंवा हातजाळी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच, सकाळी. हात ओले करून मासा धरा, अरुंद काचेच्या टाकीत एक फोटो काढा आणि लगेच सोडा. उचललेला गोटा होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा, खालच्या बाजूला अंडी आणि किडे असतात. मार्चनंतर जाळे पूर्ण बंद, तापलेल्या पाण्यात दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. विष किंवा स्फोटके वापरून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, हे गावाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. एका दुपारच्या ब्लीचिंग पावडरने वर्षाची मेहनत वाया जाते.

मत्स्यबीज सोडू नका. रोहू-कटल्याला मोठे पाणी लागते, ते अशा डोहात अंडी घालत नाहीत, आणि बिजाबरोबर तिलापिया येऊन पडतो. डासांसाठी गप्पी किंवा गॅम्बुशियाही नको, ते स्थानिक माशांची अंडी-पिल्ले खातात. डेव्हारिओ डासांच्या अळ्या आपसूक खातो.

रामटेक_पट्टा
> मत्स्यबीज सोडू नका

पटले. मग मळ्या येणार कुठून? खालच्या तलावाच्या बाजूला मासे आहेत, वर फार दिसत नाहीत.

मळ्या_आणि_मंडळी
चढणीला येतील, वाट मोकळी असेल तर. पहिल्या पुरात मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, हे तुमच्या गावातल्या ढिवर काकांना आमच्यापेक्षा चांगले माहीत असेल. तुमचे चार अडसर आहेत ना, त्यांची खालची बाजू पाहा. पाणी सरळ भिंतीवरून पडत असेल आणि खाली उडी घ्यायला खोल पाणी नसेल तर लहान मासा तिथेच थांबतो. खालच्या अंगाला गोट्यांचा उतार करा, दर १ मीटर उंचीला किमान १५ ते २० मीटर लांबी. मोठे गोटे मधेमधे उभे ठेवा म्हणजे त्यांच्यामागे विसाव्याला शांत पाणी मिळते. अडसर अर्धा मीटरचा असेल तर उतार आठ-दहा मीटरचा होतो, एवढी जागा बहुतेक ठिकाणी असते.

तोतलाडोह_ताई
सावलीबद्दल एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, आणि आपल्या जंगलात तीच कळीची आहे. काठावर साग असेल तर सावली आहे असे समजू नका. साग फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाने टाकतो आणि पाऊस येईपर्यंत उघडा राहतो. म्हणजे ज्या चार महिन्यांत डोहाला सावली लागते त्याच काळात ती नसते. नोव्हेंबरात सावली मोजून ‘७० टक्के आच्छादन’ लिहिले आणि मेमध्ये डोह उन्हात, असे अहवाल पुष्कळ होतात. सावली मेमध्ये मोजा, डोहाच्या मध्यभागी उभे राहून चारही दिशांना.

लावायचे तर जांभूळ, करंज, अर्जुन, उंबर, आणि पाण्याच्या अगदी कडेला वाळुंज. जांभूळ बारमाही हिरवे. करंज आणि अर्जुन उन्हाळ्याच्या तोंडी पाने झाडतात पण लवकर नवी पालवी धरतात. पश्चिमेच्या काठाला आधी लावा, दुपारी तीनचे ऊन तिकडून येते आणि पाण्याचा उच्चांक तेव्हाच गाठला जातो. रोप मोठे होईपर्यंत काय? दक्षिण-पश्चिम अंगाला मोठे गोटे एकमेकांवर टेकवून कपारी करा. मासा दुपारी त्यांच्याखाली जातो.

आणि सागाची पाने. हवेचा झोत आला की डोहात थर साचतो. मार्चपर्यंत ती कुजतात, पाणी चहासारखे होते आणि कुजण्यात प्राणवायू खर्च होतो. सगळी पाने काढू नका, किड्यांचे ते खाद्य आहे. पण धार तुटल्यावर साचलेला जाड थर दाताळ्याने काठावर ओढून घ्या, तळ न ढवळता.

डोहकाठ
ताईंच्या मुद्द्याला जोडून: म्हणूनच नुसते तापमान अपुरे आहे. २५ अंशांना पूर्ण संपृक्त पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला ७.६, ३५ ला ७ च्या आत. हे समुद्रसपाटीचे आकडे, आपल्याकडे उंचीमुळे थोडे आणखी कमी. पण मासे मरतात ते मावण्याच्या मर्यादेमुळे क्वचितच. रात्रभर शेवाळ, पाने आणि मासे सगळेच प्राणवायू वापरतात आणि पहाटे तो सर्वांत कमी होतो. त्याच डोहात दुपारी शेवाळामुळे संपृक्ततेच्या वर आकडा येतो. दुपारी बारा वाजता मीटर बुडवून ‘प्राणवायू उत्तम’ लिहिणे म्हणजे स्वतःची फसवणूक. सूर्योदयाच्या आधी मोजा, एप्रिल-मेमध्ये पंधरवड्यातून एकदा, वर आणि तळाशी वेगवेगळे.

मीटर नसेल तर विंकलर पद्धत. ३०० मिलिलिटरची बाटली, नळीने तळापासून भरायची आणि दोन-तीन बाटल्यांएवढे पाणी वाहू द्यायचे, बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड, पृष्ठभागाच्या खाली एकेक मिलिलिटर. तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. साका बसल्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल १ मिलिलिटर, हातमोजे घालून. इथवर काठावरच करायचे, उरलेले गावात येऊन त्याच दिवशी. २०१ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करा, फिकट पिवळे झाले की स्टार्च घाला, निळा रंग जाईपर्यंत. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. थायोसल्फेट ताजे नसेल तर उत्तर चुकते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘ड’ वर्गात, म्हणजे वन्यजीव आणि मत्स्य पाण्यासाठी, किमान ४ मिलिग्रॅम आणि सामू ६.५ ते ८.५ धरला आहे. पहाटे ४ च्या खाली जाणारा डोह धोक्याचा समजा.

कन्हान_झिरा
थंड पाणी शोधायचे काम डिसेंबरातच करून घ्या. जमिनीतल्या पाण्याचे तापमान वर्षभर हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळ राहते, आपल्याकडे ते २५-२८ च्या घरात. डिसेंबरच्या पहाटे नाल्याचे पाणी त्याहून बरेच गार असते. मग लांब काठीला सेन्सर बांधून तळालगत, काठालगत चालत जा. जिथे आकडा एकदम दोन-तीन अंश चढतो तिथे झरा आहे. मेच्या दुपारी तीच जागा भोवतालपेक्षा गार निघते. तुमचे डोह त्या जागांना जोडा, म्हणजे सेंटिमीटरभर धारेनेही तळ थंड राहतो. गावातले लोक उन्हाळ्यात झिरा कुठे खणतात ते विचारा, बहुतेक वेळा जागा तीच निघते.

डोहाची खोली मोजताना नुसती जास्तीत जास्त खोली लिहू नका, ती पाण्याच्या पातळीबरोबर बदलते. सर्वांत खोल जागेची खोली वजा डोहाच्या बाहेर पडणाऱ्या उंबऱ्यावरची खोली, हा आकडा लिहा. धार तुटल्यावर डोहात किती उरेल ते यातून कळते, आणि दरवर्षी तुलना करता येते. हा आकडा कमी होत गेला तर गाळ भरतो आहे. गोटे गाळात किती बुडाले तेही पाहा. शंभर दगड पावलापावलाने उचलून मधल्या बाजूने मोजा, २ मिलिमीटरच्या आतली रेती-गाळ किती निघते ते लिहा. फटी बुजल्या की शिस्टुरा जातो, तापमान कितीही चांगले असो.

रामटेक_पट्टा
खूपच उपयोगी. शेवटचे दोन प्रश्न. आकड्यांचे काय करायचे, आणि लॉगर पावसाआधी कधी काढायचे?

सर्किट_बर्डी
आधी तारीख तपासा. एक्सेल दिवस आणि महिना उलटे वाचते, ५ एप्रिलचे ४ मे होते आणि १३ तारखेपासून सगळे बिघडलेले दिसते. फाइलमध्ये वर्ष-महिना-दिवस असाच क्रम ठेवा. पाण्यात टाकल्यावरचा पहिला तास आणि बाहेर काढतानाच्या नोंदी गाळा. मग पाणी आणि हवा एकाच आलेखावर काढा. पाण्याची रेघ हवेच्या रेघेवर जाऊन बसली तर लॉगर उघडा पडला, त्या दिवसांवर खूण करा, आकडे पुसू नका.

काढायचे तीन आकडे: रोजच्या उच्चांकाची सात दिवसांची सरकती सरासरी, रोजचा चढउतार, आणि तळाचा लॉगर ३२ अंशांच्या वर किती तास होता. ३२ हा काही कोणत्या जातीचा मृत्युबिंदू नाही, दरवर्षी तुलना करायला धरलेली रेघ आहे. ती मध्येच बदलू नका. आणि तुमचा डोह वजा शेजारच्या नाल्याचा डोह, हा फरक वर्षावर्षाने मांडा. सुधारणा दिसायची असेल तर त्यात दिसेल.

डोहकाठ
लॉगर पावसाआधी काढू नका. वाहून जाईल या भीतीने ३१ मेला काढले तर डोहाचा सर्वांत कठीण काळ नोंदीतून जातो. जूनचे पहिले दोन आठवडे पाणी सर्वांत कमी असते. आणि पहिला लोंढा राख, कुजकी पाने, शेण सगळे घेऊन येतो, काही तासांसाठी प्राणवायू कोसळतो आणि मासे वर येऊन आ वासतात. त्या दिवशी तळाचा लॉगर तापमान किती वेगाने बदलले ते दाखवतो. मेच्या शेवटी तोवरची नोंद उतरवून घ्या, क्लॅम्प आवळा, तरंगणारा वरचा लॉगर तेवढा काढा, तो लोंढ्यात हमखास जातो. तळाचे, धारेतले आणि हवेतला तसेच राहू द्या. पहिला लोंढा ओसरला की दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाइपमधला गाळ धुवा.